नाशिकहून जर्मनीला: पोस्टाच्या पेटीवरचं नाव आणि बाकीचे कागद

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांचे गेल्या वर्षभरात बरेच फोन आले, आणि प्रश्न तेच ते. आधी घर की आधी बँक? कुकर न्यायचा का? मुलीच्या शाळेचं काय केलंत? दर वेळी अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून सगळं तारीखवार लिहून काढते आहे. नोकरी माझी, म्हणून ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना) माझं. नवरा आणि चार वर्षांची मुलगी माझ्या कागदांवर मागून आले. गाव श्टुटगार्टपासून लोकलने अर्ध्या तासावर. रकमा २०२३-२४ सालच्या आहेत. त्या बदलतात, कागदांचा क्रम सहसा बदलत नाही, आणि माणूस अडकतो तो क्रमातच.

ऑफर लेटर जानेवारी २०२३च्या पहिल्या आठवड्यात आलं आणि पहिली अडचण निघाली ती नावाची. पदवीवर माहेरचं आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. जन्मदाखल्यावर नुसतंच पाळण्यातलं. आपल्याला यात एकच बाई दिसते, जर्मन कारकुनाला तीन. या तिघींना एकत्र बांधणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि तेच आम्ही सहा वर्षांत काढलेलं नव्हतं. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात ही नोंदणी होते. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. साक्षीदार कधीही मिळतात. गुरुजी गाव बदलतात. त्यांचा नंबर आजच शोधून ठेवा.

दाखले मराठी-इंग्रजी दोन्हींत आहेत का, तेही बघा. नुसता मराठी दाखला असेल तर मराठीतून थेट जर्मन करणारा शपथबद्ध भाषांतरकार शोधताना दमछाक होते. इंग्रजीवरून जर्मन करणारे भरपूर आहेत. आम्हाला पानाला साधारण ४० युरो पडले. कोणीतरी एजंट 'मंत्रालयातून शिक्के मारून ॲपोस्टिल करून देतो' म्हणेलच. जर्मनीसाठी तो खर्च करू नका. ॲपोस्टिल करारात भारत आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली, त्यामुळे आपला तो शिक्का इथे धरला जात नाही. गरज वाटली तर जर्मन वकिलात स्वतःच कागदाची पडताळणी करते. पदवीसाठी 'अनाबिन' नावाची सरकारी यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. तुमच्या विद्यापीठापुढे 'एच प्लस' आणि पदवीपुढे समकक्षतेचा शेरा असेल तर त्या पानांची छापील प्रत जोडली की झालं. नसेल तर बॉनच्या केंद्राकडून पदवीचं मूल्यांकन मागवावं लागतं. त्याला २०० युरोंच्या वर खर्च आणि काही आठवडे लागतात, म्हणून हे सगळ्यात आधी तपासा.

व्हिसाची अपॉइंटमेंट मुंबईत २२ फेब्रुवारीला मिळाली. पंचवटी एक्स्प्रेसने जाणार असाल तर वेळ दुपारची घ्या. गाडी वेळेवर असली तरी सीएसएमटीहून पुढचा प्रवास उरतोच. मोठ्या माणसाला ७५ युरो, मुलाला त्याच्या निम्मे, भरायचे रुपयांत. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेच्या परीक्षेचा दाखला लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक क्लासचे सहा महिने संपेपर्यंत अर्जच करत नाहीत. भाषा शिकाच, पण अर्ज त्यासाठी थांबवू नका. माझा व्हिसा १७ मार्चला हातात आला, सहा महिन्यांचा.

निघण्याआधी नाशिकमधूनच उरकायच्या चार गोष्टी. बँकेला कळवून बचत खात्याचं एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्याचं भारतातलं खातं) करा. भारतातलं सिमकार्ड चालू ठेवा आणि त्यावर रोमिंगमध्ये एसएमएस येतात याची खात्री करा. आधार, पॅन, बँक, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. फ्लॅट किंवा शेतीचं काही काम निघणार असेल तर मुखत्यारपत्र नाशिकलाच दुय्यम निबंधकाकडे नोंदवून जा. जर्मनीत केलं तर म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन सही साक्षांकित करावी लागते, आणि कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो. चौथी गोष्ट, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. पेठ रोडच्या आरटीओतून १,००० रुपयांत वर्षाचा मिळतो. व्हिसा दाखवावा लागतो, म्हणून तो शेवटच्या पंधरवड्यात काढा.

सामानात तूप, पेढे, चक्का, लोणी काही नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, डबा सीलबंद असला तरी. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. म्हणजे बॅगेतून द्राक्षं आणता येत नाहीत, पण मार्च-एप्रिलमध्ये इथल्या दुकानात अर्ध्या किलोच्या डब्यावर उगमस्थान 'इंडिएन' लिहिलेली द्राक्षं दिसतात. आपलीच, रॉटरडॅममार्गे आलेली. चिवडा, मसाले, डाळी, पापड खुशाल आणा. कुकर आणि तवा सपाट, इंडक्शनच्या बुडाचेच घ्या. काचेच्या शेगडीवर खोलगट तवा नुसता मधल्या वर्तुळात तापतो आणि पोळीच्या कडा कच्च्या राहतात. मिक्सर चालतो, कारण वीज तीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. आपली तीन पिनांची प्लग मात्र बसत नाही. अर्थिंग असलेला ॲडॉप्टर नाशिकहूनच आणा. दोन पिनांचा स्वस्तातला जोड चार्जरला ठीक, ७५० वॉटच्या मिक्सरला नको.

मी ११ एप्रिलला, मंगळवारी उतरले. त्याआधीच्या शुक्रवारी, रविवारी आणि सोमवारी ईस्टरमुळे सगळं बंद होतं. तिकीट काढताना इथली सुट्ट्यांची यादी बघायची ती यासाठी. कंपनीने दोन महिन्यांपुरती एक सुसज्ज खोली घेऊन दिली होती. घरात राहायला लागल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते, तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. पासपोर्ट, अर्ज आणि घरमालकाने सही केलेला 'हा माणूस माझ्याकडे राहतो' असा कागद लागतो. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. मला १८ एप्रिलची वेळ मिळाली, काम वीस मिनिटांत झालं, पैसे पडले नाहीत. अर्जात धर्माचा रकाना असतो. तो चर्चच्या करासाठी आहे. चर्चचा सभासद असलेल्याला या राज्यात आयकराच्या ८ टक्के जादा भरावे लागतात. आपल्याला तो लागू नाही, रकान्यात रेघ मारायची.

इथे नावाचा प्रश्न पुन्हा आला. पासपोर्टवर स्वतःच्या नावाच्या ओळीत 'माझं नाव, नवऱ्याचं नाव' असं असेल तर जर्मनीत ती दोन्ही तुमची स्वतःची नावं ठरतात. म्हणजे माझं दुसरं नाव आता एका पुरुषाचं आहे आणि डॉक्टरकडे कधीकधी त्याच नावाने पुकारा होतो. दुरुस्तीच्या मागे लागू नका. एकदा नोंदलेलं नाव बँक, विमा, वीज, करारपत्र सगळीकडे स्पेलिंगसकट तसंच्या तसं लिहा. एके ठिकाणी मधलं नाव गाळलं की दोन ठिकाणची नोंद जुळत नाही.

माझी मोठी चूक त्यानंतरची. इथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही. इमारतीत नंबर बहुधा नसतोच. पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव बघतो. पेटीवर जुन्या भाडेकरूचं नाव होतं आणि मी ते तसंच ठेवलं. नोंदणीनंतर दोन-तीन आठवड्यांत ११ आकडी कर क्रमांकाचं पत्र येतं. माझं आलं आणि परत गेलं. क्रमांक नाही म्हणून एप्रिल-मेच्या पगारावर कंपनीने सहावा कर-वर्ग लावला. त्यात कुठलीच सूट नसते आणि सगळ्यात जास्त कापलं जातं. कापलेलं पुढच्या पगारांत परत मिळालं, पण घराची अनामत भरायच्या दिवसांत हात आखडला. कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी, एवढंच लागतं. विमानतळावरून घरी पोचलात की बॅग उघडायच्या आधी नाव चिकटवा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही.

बँक खातं नोंदणीच्या कागदानंतर आठवडाभरात झालं. आरोग्य विमा सक्तीचा. सरकारी पद्धतीच्या विम्यात पगाराच्या १४.६ टक्के अधिक विमा कंपनीचा थोडा जादा हप्ता, निम्मा आपला, निम्मा कंपनीचा. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्यातच फुकट येतात, म्हणून कुटुंब येणार असेल तर तरुणपणी स्वस्त दिसणाऱ्या खासगी विम्याच्या मोहात पडू नका. याखेरीज दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, वर्षाला ५०-६० युरोंचा, जरूर घ्या आणि त्यात हरवलेल्या किल्लीची भरपाई आहे का ते विचारा. इमारतीच्या एका किल्लीवर मुख्य दार, तळघर सगळं उघडतं. किल्ली हरवली तर सगळी कुलपं बदलण्याचं बिल येऊ शकतं. दार बाहेरून आपोआप बंद होतं हेही अंगवळणी पडायला वेळ लागतो. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात.

जूनमध्ये रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र आलं. महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो, घरटी एक. जुलैत नवरा आल्यावर त्याच्या नावानेही तेच पत्र आलं. घाबरून पैसे भरायचे नाहीत. आधीच्या वर्गणीचा क्रमांक लिहून उत्तर पाठवायचं.

कायमचं घर शोधायला नऊ आठवडे लागले. जाहिरातीत 'कल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं, 'वार्ममीटे' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याचा दिवा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट दोन्हींत नाही. अनामत नुसत्या भाड्याच्या तिप्पटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते; ही मुभा मालक आपणहून सांगत नाही. आम्हाला १ जुलैपासून मिळालेल्या घरात स्वयंपाकघर नव्हतं. म्हणजे खोली होती, पण ओटा, बेसिन, शेगडी, कपाटं काही नाही, छतातून दिव्यांच्या नुसत्या तारा लोंबत होत्या. इथे हे नेहमीचं आहे. जुन्या भाडेकरूची वापरलेली मांडणी ९०० युरोंना घेतली, शेगडीची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली. घर ताब्यात घेताना मीटरचे आकडे, भिंतीवरचे डाग, फुटकी फरशी सगळं हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्या आणि फोटो काढा. घर सोडताना अनामत परत मिळते ती या कागदाच्या जोरावर.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ती गोष्ट: वाफ. या घरांच्या खिडक्या इतक्या घट्ट बसतात की कुकरच्या शिट्ट्या, आमटीची उकळी, अंघोळ, दोरीवरचे ओले कपडे, सगळ्याची वाफ आतच राहते. हिवाळ्यात ती थंड भिंतीवर, बहुधा कपाटामागे, पाणी होऊन बसते आणि काळी बुरशी धरते. मग रंगकामाचा खर्च कोणाचा यावर मालकाशी वाद. उपाय फुकट आहे. दिवसातून तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि तेवढ्यापुरतं हीटर बंद ठेवायचं. खिडकी दिवसभर तिरकी किलकिली ठेवल्याने भिंत गार होते, वाफ जात नाही. मोठं कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. मिरची-लसणाच्या फोडणीला पॅसेजमधला धूरसूचक वाजतो, म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची सवय लागली. वास बेडरूमच्या जाकिटांत शिरू नये यासाठीही ते बरं.

पोळ्यांचं पीठ भारतीय दुकानातून येतंच, पण ते दूर असेल तर साध्या दुकानातलं गव्हाचं पीठ चालतं. पिशवीवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका कोंड्याचा भाग जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा. १०५० घेऊन त्यात तिसरा हिस्सा अख्ख्या गव्हाचं पीठ मिसळलं आणि कणीक अर्धा तास मुरू दिली की पोळी बरी होते. उपम्याला 'हार्टवाइत्सन' लिहिलेला रवा, दुसरा चिकट होतो. कोथिंबीर, भेंडी, हिरवी मिरची तुर्की दुकानात. रविवारी सगळं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी दही-दुधाचा अंदाज घ्यायचा. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. मिक्सर, ड्रिल, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकणं, काहीच नाही. रविवारची इडली असेल तर वाटण शनिवारीच.

या भागाची खासियत म्हणजे 'केअरवोखे', झाडलोटीची पाळी. एक दिवस दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली दिसते. त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून-पुसून काढायचा आणि शनिवारी पाटी शेजारच्या दाराला लावायची. मोठ्या पाळीत अंगण, तळघराची वाट, कचऱ्याच्या कुंड्यांची जागा, आणि बर्फ पडला तर पदपथसुद्धा येतो. सकाळी साधारण सातच्या आत वाट मोकळी हवी, कारण कोणी घसरून पडलं तर जबाबदारी पाळीवाल्यावर येऊ शकते. आम्ही पहिल्यांदा नुसतं झाडलं. समोरच्या आजींनी काही न बोलता ओलं फडकं आणि बादली दाराशी आणून ठेवली. पाटी बघून हसू नका, जिन्यातले संबंध तिच्यावरच टिकतात. कचऱ्याचे नियम नगरपालिकेच्या दिनदर्शिकेत असतात, ती भिंतीला लावा: ओला, कागद, वेष्टनं, उरलेला, आणि काच रंगानुसार वेगळी. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली चेपू नका, यंत्र वेष्टनावरचं चिन्ह वाचतं.

राहण्याच्या परवान्याचं कार्ड व्हिसा संपण्याआधी मागावं लागतं. माझा व्हिसा ९ ऑक्टोबरला संपत होता. मी मे महिन्यातच ईमेल टाकली. उत्तर ऑगस्टमध्ये आलं, वेळ १४ सप्टेंबरची मिळाली. तेव्हा लागलं ते असं: शुल्क १०० युरो, बोटांचे ठसे, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, पगाराच्या तीन पावत्या, भाडेकरार, विम्याचं पत्र. कार्ड बर्लिनच्या छापखान्यातून येतं, ते २६ ऑक्टोबरला आलं. मधल्या दिवसांसाठी एक हिरवट घडीचा कागद देतात. त्यावर परदेशी लोकांच्या राहण्याच्या कायद्यातल्या कलम ८१ चा कोणता परिच्छेद खुणावला आहे ते तिथेच, टेबलावरून उठायच्या आधी, वाचा. परिच्छेद ४ असेल तर नोकरी चालू राहते आणि भारतात जाऊन परत येता येतं. परिच्छेद ३ असेल तर देशाबाहेर पडू नका. दिवाळीची तिकिटं आम्ही हे बघूनच काढली.

मुलीच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी पडलं ते लसीकरणाचं कार्ड. बालवाडीत प्रवेशाला गोवरच्या दोन डोसांचा पुरावा कायद्याने लागतो, २०२० पासून. आपल्या कार्डावर तारखा हाताने लिहिलेल्या असतात आणि शिक्का पुसट असतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेली यादी सही-शिक्क्यासह घ्या. इथल्या बालरोगतज्ज्ञाने ती बघून पिवळ्या पुस्तिकेत उतरवून दिली. बालवाडीची जागा मात्र सहजी मिळत नाही. हक्क कागदावर आहे, खुर्ची नाही. ऑगस्टमध्ये पाच ठिकाणी नाव घातलं, जागा जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. त्या पाच महिन्यांत एका पालकाला घरी राहावं लागणार हे धरूनच पैशांचा हिशेब करा. बालभत्ता दर मुलामागे महिन्याला २५० युरो होता. अर्ज ऑगस्टमध्ये केला, पैसे नोव्हेंबरात मागच्या थकबाकीसह आले. मागची थकबाकी सहाच महिन्यांची मिळते, म्हणून अर्ज लांबवू नका.

ताप आला की नाशिकमध्ये अर्ध्या तासात डॉक्टरपुढे बसायची सवय असते. इथे आधी घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचं, तेही बरे असताना. रात्री-रविवारी डॉक्टर हवा असेल तर ११६११७ ला फोन, जिवावरचं असेल तर ११२. साध्या तापाला डॉक्टर चहा आणि विश्रांती लिहून देतात. आपल्याला वाटतं टाळलं, तसं नसतं. रोजच्या गोळ्या चालू असतील तर तीन महिन्यांच्या आणि इंग्रजी चिठ्ठीसह आणा.

निफाडचा पारा चार-पाचवर गेलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना थंडीची फार भीती नको. त्रास होतो अंधाराचा. डिसेंबरात साडेचारला दिवे लागतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदललं की आई-बाबांच्या फोनच्या वेळेतला फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातो, मार्चच्या शेवटच्या रविवारी तो परत साडेतीनवर येतो. मुलीला शाल नाही, पावसाची विजार घ्या. बालवाडीत पावसातही मुलांना बाहेर नेतात, आणि विजार नसली की लगेच चिठ्ठी येते.

गाडीचं सांगून थांबते. भारतीय परवान्यावर, भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवून, इथे राहायला लागल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते. नवऱ्याचे ते जानेवारी २०२४ मध्ये संपले. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. डोळे तपासणी, दिवसभराचा प्रथमोपचार वर्ग आणि ड्रायव्हिंग स्कूल आलंच, पण जुना परवाना असल्याने ठरावीक तासांच्या शिकवणीची सक्ती नाही. त्याने अकरा तास घेतले. उजवीकडून चालवणं दोन दिवसांत जमतं. नडतो तो गल्लीतल्या चौकातला 'उजवीकडून येणारा आधी' हा नियम आणि खांदा वळवून बघणं. आरशात पाहिलं हे परीक्षकाला पुरत नाही. एकदा नापास, सप्टेंबर २०२४ मध्ये पास, सगळं मिळून १,४०० युरोंच्या आसपास. कार्ड देताना त्यांनी पेठ रोडचा परवाना काढून जमा करून घेतला, तो परत मिळत नाही. जमा करण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवा, आणि सुट्टीत नाशिकला गाडी हातात घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी इथल्या कार्यालयातून जर्मन आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या.